उलटा हात

उन्हाळा लागला की आमच्या नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि त्यांच्या पत्र्यात हमखास करंट उतरतो. यंदा दुरुस्तीला आलेल्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. त्याने आधी टेस्टर लावून पाहिला. मग हात पँटला पुसून कोरडा केला आणि पत्र्याला उलटा टेकवला.

"टेस्टर असून हात काहून लावता, भाऊ?"

"खात्री. कोरडं कातडं करंटले अडवते, ओलं वाट देते. अन् सुलटा हात लावला तं मूठ आवळते. मंग सोडतो म्हटलं तरी सुटत नाही."

कोरडं, ओलं, उलटं, सुलटं, माझा सगळा गोंधळ झाला.

पुढे तो मला बसस्टँडवर दिसला. उमरेडच्या बसमध्ये खिडकीशी त्याची मुलगी बसली होती, हिरवा चुडा भरलेली, रडून राहिलेली.

"बाबा, तू जाय ना आता, ऊन लागन तुले."

त्याने हात पँटला पुसला आणि तिच्या ओल्या गालाला उलटा टेकवला.

ही कामाची सवय की मूठ आवळण्याची धास्ती, मला अजून उमगलेलं नाही. बस वळून दिसेनाशी झाली, तरी त्याचा हात तसाच हवेत होता.