सव्वा लिटरचा फरक

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता... आजही आहे असं छातीठोकपणे म्हणवत नाही. लातूरला माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. घरात बल्ब आपोआप लागतो, कुणाचा तरी वास आहे, असं सांगत गिऱ्हाईक आलं की मी त्याला आधी न्यूट्रल तपासायला सांगतो. शंभरातल्या शंभर भुतांचं मूळ लूज वायरीत निघतं. म्हणून खालचं सगळं लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण लिहितो.

मला सिम रेसिंगचा नाद आहे. म्हणजे कॉम्प्युटरला खरं स्टेअरिंग आणि पेडल जोडून शर्यत खेळायची. माझा जोडीदार इरफान, नांदेडला टू-व्हीलरचं गॅरेज चालवतो. चार-चार तासांच्या शर्यती, एकच गाडी, आळीपाळीने चालवायची. इरफानचा हात चांगला, माझं डोकं. पेट्रोलचा प्लॅन माझ्याकडे. जास्त भरलं तर गाडी जड होते आणि मागे पडते, कमी भरलं तर रस्त्यात बंद. पिटमध्ये, म्हणजे पेट्रोल भरायच्या जागी, थांबलं की वेळ जातो. त्यामुळे एका लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीला, किती पेट्रोल लागतं ते मी दोन दशांश स्थळांपर्यंत काढून ठेवायचो. बायको म्हणायची, "घरातला गॅस कधी संपतो ते एकदा तरी सांगा की!"

आता माय. आईला आम्ही माय म्हणतो. फुप्फुसं पार गेली होती, दोन वर्षं ऑक्सिजनच्या मशिनवर होती. मशिन विजेवर चालतं. दहा मिनिटं बंद राहिलं तरी ओठ निळे पडायचे.

त्या रविवारी लाईनच्या कामासाठी बारा ते तीन लाईट जाणार, असा मेसेज आदल्या दिवशीच आला होता. बायको मुरुडला, बहिणीच्या डोहाळजेवणाला. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी मीच चार दिवसांपूर्वी एका गिऱ्हाइकाला काढून दिली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ऑक्सिजनचा जादा सिलिंडर भरायला दिलेला, आणि रविवार म्हणून दुकान बंद. पण दुकानातला छोटा पेट्रोल जनरेटर आणून मागच्या बोळात ठेवला होता. टाकी तीन लिटरची, काठोकाठ भरली. मायच्या मशिनला तासाला पाऊण लिटर, म्हणजे चार तास. तीन तासांचं काम, एक तास हातात. बारा वाजता जनरेटर सुरू केला, घराची लाईन बदलणारा चेंजओव्हर स्विच त्याच्यावर टाकला आणि सव्वाबाराला हेडफोन घालून शर्यतीला बसलो.

मधे एकदा हेडफोन सरकवला तेव्हा मायने हाक मारून विचारलं, "बसू, किती येळ चालतंय रं हे?"

मी मान न वळवता म्हणालो, "माय, सगळं बघितलंय. तू नको काळजी करू."

बघितलं नव्हतं. कॉम्प्युटर, स्क्रीन, स्टेअरिंग हे सगळं मी त्याच जनरेटरवर लावलं होतं आणि हिशोबात धरलंच नव्हतं. ते धरलं तर तासाला एक लिटर. म्हणजे तीनला टाकी कोरडी. गेममधल्या गाडीचं शतांश लिटर मोजणाऱ्या माणसाला स्वतःचा कॉम्प्युटर दिसला नाही... असो.

तीन वाजले. लाईट आली का ते बघायला मी उठलो नाही. सगळं चालूच होतं, मग उठायचं कशाला?

शेवटचा टप्पा इरफान चालवत होता, आम्ही तिसरे होतो. तीनच्या जरा आधी, शेवटच्या पिटमध्ये मी गरजेपेक्षा एक लिटर जास्त भरून दिलं होतं. साडेतीनच्या पुढे माझं लक्ष गेलं, आकडे बिघडले होते. लॅपला २.७१ लागायचं ते २.७४, कधी २.७५. इरफानच्याही लक्षात आलं.

"बसूभाई, गाडी जास्ती पिऊन राहिली."

"तुझा पाय जड झालाय. उताराला जरा उचल."

"पाय तोच हाय भाई. मला कायतरी येगळं वाटून राहिलं. पिटात येतो, दोन लिटर टाकू."

"नको. तिसरा नंबर जाईल. पुरतंय शेवटपर्यंत."

"बघा बरं..."

"मी सांगतोय ना!"

तो आला नाही. शेवटच्या लॅपला, शेवटची दोन वळणं राहिली असताना कानात त्याचा आवाज आला, "गेली भाई, बंद पडली." आणि त्याच क्षणी माझी स्क्रीन काळी झाली, पंखा मंदावला. हेडफोन काढला तर मायच्या मशिनचा अलार्म वाजत होता.

सव्वाचार वाजले होते.

चेंजओव्हर फिरवून पाहिला, लाईट नव्हती. मागे पळालो. दोरी ओढली, काही नाही. झाकण उघडलं तर तळ कोरडा. मग मी सायलेन्सरवर हात ठेवला. चालत्या जनरेटरचा सायलेन्सर कातडी सोलून काढतो. हा गार होता. तासाभरापूर्वी बंद पडलेल्या मशिनसारखा गार.

मोटरसायकलच्या टाकीतून नळीने, तोंडाने ओढून पेट्रोल काढलं, टाकलं, चालू केलं. अकरा मिनिटं गेली. तोवर मायची मान पडली होती. समोरच्या काकांनी रिक्षा आणली. दवाखान्यात नेताना चार चाळीसला सगळ्या कॉलनीत लाईट आलेली मी डोळ्यांनी पाहिली.

दुसऱ्या दिवशी ती थोडी बोलली. मास्क बाजूला करून म्हणाली, "तीनलाच तर बंद झालं की रं ते भाईरचं. मला वाटलं लाईट आली."

"माय, मला ऐकूच आलं नाही गं."

"कानात घातलं व्हतंस ना," ती म्हणाली. रागाने नाही. मला ते जास्त लागलं.

काकाही तेच म्हणाले, तीनला आवाज थांबला. चौथ्या दिवशी माय गेली. डॉक्टर म्हणाले, तशीही फार दिवस नव्हती. डॉक्टरांना तसं म्हणावंच लागतं.

धंदा विजेचा असल्यामुळे मी सगळं तपासलं. लाईट मधे येऊन गेली म्हणावं, तर चेंजओव्हर जनरेटरच्या बाजूला होता, मेन लाईनचा करंट घरात शिरूच शकत नव्हता. शेजारी कुणाकडे सोलर नाही, दुसरा जनरेटर नाही. तीन ते सव्वाचार माझं घर कशावर चाललं, हे मला सांगता येत नाही.

तेराव्याला इरफान नांदेडहून आला. त्याने जनरेटर खोलला, कार्बोरेटर पाहिला, परत जोडला. मग त्याच्याकडे साठवलेला शर्यतीचा रेकॉर्ड आम्ही दोघांनी काढला. गाडी जास्त प्यायला लागली तो लॅप तीन वाजून एक मिनिटाचा. तिथून शेवटपर्यंत सदतीस लॅप, आणि जास्तीचं पेट्रोल सव्वा लिटर. घराला तासाला एक लिटर लागत होतं, आणि घर सव्वा तास चाललं होतं.

गेममधलं पेट्रोल खरं नसतं. स्क्रीनवरचा आकडा असतो तो. हे मला कुणी शिकवायला नको.

इरफान रडायला लागला. म्हणाला, "मी इचारायलाच नको व्हतं भाई. सरळ घुसायला पायजे व्हतं पिटात." मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिलो. सव्वाचार ते चार चाळीस, पंचवीस मिनिटं. लाईट येईपर्यंत अर्ध्या लिटरमध्ये भागलं असतं. तो दोन लिटर म्हणत होता.

कुणाला काही उलगडा होत असेल तर जरूर लिहा, तांत्रिक असो की दुसरा काही. फक्त "तुझी चूक नव्हती" असं कुणी लिहू नका. ते समजावणारे घरी रोज येतात. कुणीतरी, कुठून तरी, माझ्या मायला श्वास पुरवत होतं आणि इरफानला अजून थोडं माग म्हणत होतं... आणि नको म्हणणारा मी होतो.