अंबूआक्काचं रंगून

लालासाहेबाच्या म्हशीला बर्मी भाषा कळायला लागली, असं कराडजवळच्या त्या वस्तीवर थट्टेनं म्हणत. धार काढताना अंबूबाई तिच्याशी हलक्या आवाजात त्याच भाषेत बोलायची. थट्टा करणाऱ्यांना तिची धास्ती ठाऊक नव्हती. रंगून सोडल्यापासून चार वर्षांत निम्मे शब्द विसरले होते. उरलेलेही गेले तर रंगूनला कुठल्या तोंडानं उतरायचं?

लग्नानंतर ती नवऱ्यामागं रंगूनला गेली होती. तो गोदीत सुतार होता. तो तापानं गेला, तेव्हा तिनं गोदीतल्या माणसांसाठी खानावळ घातली आणि तिथंच रमली. संध्याकाळी नदीवरून वारा सुटला की चिरूट ओढत बसलेल्या दुकानदार बायका तिला हाक मारत. विधवा म्हणून कुणी बाजूला सारलं नाही. मग एकेचाळीस सालच्या अखेरीला बाँब पडले. अंगावरच्या लुगड्यानिशी तिनं मिळेल ती आगबोट धरली आणि धाकट्या भावाच्या, लालासाहेबाच्या दारात आली.

भावानं काही कमी केलं नाही. पण पुतणीच्या हळदीला भावजय मनुबाईनं तिला हळूच माजघरात नेलं.

"आक्का, जरा हितंच बसा. लोक बोलत्यात."

बाहेर बायका गात होत्या. अंबूबाई धान्याच्या पोत्यावर बसून राहिली. चाळिशी उलटली होती. उरलेलं आयुष्य असंच आत बसून काढायचं, या विचारानं तिचा जीव घुसमटला. हळद उतरल्यावर तिनं भावाला सांगितलं, "मी रंगूनला जाते. कायमची."

"तिथं तुझं कोण हाय?"



पलटणीतून ब्रह्मदेशाची लढाई करून आलेला आकाराम शेजारच्या वाडीत होता. त्याला ती रंगूनची खबर विचारायला गेली.

"मावशे, गोदीकडं भिंतीबी उभ्या न्हाईत," तो म्हणाला. "आन तिथल्या लोकास्नी आता आपली मानसं नगं झाल्यात."

त्यानंतर तिला अन्न गोड लागेना. तरी तिनं परवान्यासाठी अर्ज केला. परवाना हाती आला. आता न जायला निमित्त उरलं नव्हतं.

सत्तेचाळीसच्या सुरुवातीला लालासाहेब तिला मद्रासच्या बंदरापर्यंत पोचवायला निघाला. आगबोट समोर दिसली तसा म्हणाला, "हळदीचं मला ठाव नव्हतं, आक्का. निघताना मनूनं सांगितलं. रडत व्हती."

"तिचा दोष न्हाई रं."

"मग ऱ्हा की."

त्या घटकेला त्यानं हात धरला असता तर आपण माघारी फिरलो असतो, असं ती पुढं सांगायची. त्यानं हात धरला नाही. गाठोडं उचलून शिडीपर्यंत नेऊन दिलं.

आकाराम खरं बोलला होता. खानावळीच्या जागी गुडघाभर गवत होतं. एका दुकानदारानं कपाळाला आठ्या घालून विचारलं, "परत कशाला आलीस?" तिला बर्मी शब्दच आठवेनात. अखेर माखिन नावाच्या फुलवालीनं आपल्या छपराची अर्धी बाजू तिला भाड्यानं दिली. सुरुवातीला रस्त्यावर कुणी मोठ्यानं बोललं तरी अंबूबाई दचकायची. पण चूल पेटली, गोदीतली माणसं जेवायला यायला लागली.

एकोणपन्नासला शहराबाहेर बंडखोरांच्या तोफा वाजू लागल्या. लालासाहेबानं एका ओळखीच्या खलाशाकरवी निरोप धाडला, असशील तशी निघून ये. अंबूबाईनं खलाशाला पान वाढलं. आमटी पानाबाहेर सांडली.

"भीती वाटते का, बाई?"

"लय वाटते," ती म्हणाली. "पन भावाला सांगा, मी हितंच हाय." आणि बाहेरचा आवाज ऐकत ती पुढच्या माणसाला भात वाढायला वळली.