वर्डेलच्या वाट्याचं पान

वर्डेल टिब्जला चरित्रांचं वेड लागलं ते शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या तिच्या गावच्या वाचनालयात दर गुरुवारी दुपारी वाचकमंडळ बसायचं आणि तिथे फक्त चरित्रं नि आठवणी वाचल्या जायच्या. बारा वर्षांत तिने सेनापती वाचले, गायिका वाचल्या, राष्ट्राध्यक्ष तर डझनाने वाचले. थोरामोठ्यांचा तिला मुळीच धाक नव्हता. "तीनशे पानं घोड्यांवर आणि बायकोला तीन ओळी?" ती भर मंडळात म्हणायची. "या गड्याचं घरी काहीतरी बिनसलं होतं!"

या गुरुवारी मात्र गोष्ट वेगळी होती. पुस्तक होतं गावातल्याच कॉरिन मॅडॉक्सचं, बालपणाच्या आठवणींचं, आणि गावच्या जुन्या न्यायाधीशांची ही ऐंशी वर्षांची लेक स्वतः ऐकायला येणार होती. एकशे बाराव्या पानावर दोन वाक्यं शेजारीशेजारी होती. 'त्या वसंतात आमची स्वयंपाकीण बर्डी न सांगता निघून गेली. त्याच दिवसांत आईची मोत्यांची माळ हरवली.' चोर हा शब्द कुठेच नव्हता. त्याची गरजही नव्हती.

बर्डी म्हणजे वर्डेलची आई, आणि ती न सांगता गेली नव्हती. नऊ वर्षांची वर्डेल मागच्या पायरीवर बसलेली असताना कॉरिनच्या आईने, बाईसाहेबांनी, तिच्या आईला एप्रन काढायला लावला, पिशवी जमिनीवर उलटी करायला लावली आणि हाकलून दिलं. पुढे गावातल्या एकाही मोठ्या घराने तिला दारात उभं केलं नाही. उरलेलं आयुष्य तिने लाँड्रीच्या वाफेत काढलं. मंडळात हे एकट्या तिच्या जुन्या मैत्रिणीला, ओझेलाला ठाऊक होतं.

त्या दिवशीचं प्रकरण एकशे सहाव्या पानावर सुरू होत होतं आणि प्रत्येकाने एकेक पान मोठ्याने वाचायचं होतं. वर्डेलने बोटांवर मोजलं, नेहमीची जागा सोडली आणि सातव्या खुर्चीवर जाऊन बसली.

"वर्डे, ऊठ तिथून," ओझेला कानाशी लागली. "पाहुणीला केक खाऊ घालू आणि मुकाट घरी जाऊ."

"केक तू घाल."

"आपल्याला याच गावात राहायचंय गं."

"चौऱ्याहत्तर वर्षं राहिले. अजून किती राहू?"

वाचन सुरू झालं. एक पान, दुसरं पान. कॉरिन डोळे मिटून मान डोलावत होती. वर्डेलने चार दिवस घोकून तयार केलेली वाक्यं एकेक करून पळून गेली. सहावी बाई थांबली आणि सगळ्यांनी वर्डेलकडे पाहिलं. तिने ते पान वाचलं, सावकाश, एक शब्द न गाळता. माळेपाशी ती थांबली.

"मिस कॉरिन, ती माळ सापडली का हो पुढे?"

"अगं बाई, हो तर!" कॉरिन हसली. "नाताळात सापडली. आईच्याच कोटाच्या अस्तरात गेली होती. बाबा तिला कित्येक वर्षं चिडवायचे!"

दोघीतिघी हसल्या. वर्डेलने पानावर बोट ठेवलं.

"पुस्तकात नाही ते."

"एवढंसं काय लिहायचं? तुम्ही फार बारकाईने वाचता हं."

"बर्डीला कुणी कळवलं?"

"कोण कळवणार? ती कुठे राहायची तेच आम्हाला ठाऊक नव्हतं."

"रुळांपलीकडे, तिसरं घर. तीस वर्षं तिथेच होती. बर्डी माझी आई."

ओझेलाने केकची सुरी खाली ठेवली. कॉरिनचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला खरंच माहीत नव्हतं."

"तिलाही नव्हतं," वर्डेल म्हणाली. तिचा आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही. "मरायला टेकली तेव्हाही माझा हात धरून विचारायची, वर्डे, टेबलावरचं कापड मी मागच्या दारी झटकलं होतं गं, त्यातून तर गेली नसेल ना माळ?"