शेतात उतरली नव्हती, असं मी सांगितलं

"लेप्टोस्पायरोसिस," डॉक्टरीण म्हणाली. मी म्हटलं, परत सांग. तिनं परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिनं सोपं केलं. उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात जंतू येतात. पायाला खरचटलेलं असलं की तिथून अंगात शिरतात. ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. औषध वेळेवर मिळालं तर माणूस उठतो. उशीर झाला तर मूत्रपिंडं बसतात.

"आजी, औषध दोन दिवस आधी सुरू झालं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

ते दोन दिवस माझ्यामुळे गेले. कसे गेले ते लिहिते. घरात तापाचं माणूस असेल तर वाचा. माझी शाळा चौथीपर्यंतच, तेव्हा चुका शोधू नका.

पेशंट माझ्या रक्ताची नव्हे. मार्टा तिचं नाव, वय चोवीस, पोलंड देशातली. कुठल्याशा संस्थेमार्फत गोव्यातल्या आमच्या सर्वण गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आली, दहा महिन्यांसाठी, बिनपगारी. माझे मुलगे वास्कोला असतात आणि पुढची खोली रिकामी, म्हणून शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला माझ्या गळ्यात घातली. एवढ्या लांबून कोणी फुकट शिकवायला येतं, हे गावात कुणालाच पटेना. शेजारची सुमती म्हणाली, आईशी भांडून आली असेल. कसली भांडते, रोज तासभर आईशी फोनवर.

पोर चांगली, पण डोकं उठवणारी. पाणी दिलं की थँक्यू, ताट वाढलं की थँक्यू. मी सांगितलं, हे दुकानात म्हण, घरात नको. त्यावरही थँक्यू म्हणाली. आमटी तिखट लागली तर डोळ्यांतून पाणी काढत खायची, पण तिखट आहे असं म्हणायची नाही. मी तिला सगळे नियम सांगितले होते. त्यातला एक असा, की टीचर आहेस तर टीचरसारखी राहा, चिखलात फिरलीस तर लोक मान ठेवणार नाहीत.

जुलैत एका सोमवारी ताप आला. गोळी दिली, उतरला, पुन्हा चढला. बुधवारी पोटऱ्यांना हात लावू देईना. शाळेत सायकलने जायची, मला वाटलं सायकलचं दुखणं. डोळे लाल झाले, तर वाटलं घरच्या आठवणीनं रडली. म्हणजे प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार. डिचोलीच्या डॉक्टरांनी मलेरिया आणि डेंग्यू तपासला, दोन्ही नाही. प्लेटलेट कमी निघाल्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. त्यांनी मोठ्या इस्पितळात पाठवलं.

तिथं पहिल्याच तपासणीत डॉक्टरणीनं विचारलं, गेल्या दोन-तीन आठवड्यांत शेतात किंवा साचलेल्या पाण्यात उतरली होती का?

मी म्हटलं, "टीचर ती. शेतात कशाला मरायला जाईल?"

मार्टानं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, मिटले. डॉक्टरणीनं लिहून घेतलं. झटकन उत्तर दिलं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं.

पुढे दोन दिवस बाकडं. रक्त घेतात, रिपोर्ट उद्या. उद्या गेलं की म्हणतात खिडकी दुसरी. दुसऱ्या खिडकीवर जेवणाची सुट्टी. संस्थेचा माणूस फोनवर मला तिच्या लसींचा कागद विचारतोय, जसा काय तो मी कमरेला बांधून फिरते. मोठ्या बाई बिस्किटं घेऊन आल्या आणि मलाच विचारायला लागल्या, असं कसं झालं. इकडे मार्टाची लघवी कमी झाली, डोळ्यांत पिवळेपणा आला. क्रिएटिनिन वाढलं. मूत्रपिंडं किती काम करतात ते त्या आकड्यावरून कळतं. तो वाढला की ती थकली.

तिसऱ्या दिवशी सुमती पेज घेऊन आली. तिचं माहेर सावंतवाडीकडचं, बोलणं अजून तिकडचंच. मार्टाकडे बघून म्हणाली, "गेल्या पंधरवड्यात आमच्यावांगडा लावणेक येय होती, आणि आता बघ कशी पडलीहा."

मी म्हटलं, तुमच्याबरोबर भातलावणीला? कोण?

"टीचर गो. तुका म्हायत नाय?"

मग सगळं बाहेर आलं. लावणीच्या दिवसांत शाळेत पाच पोरं. बाकीची आईबरोबर शेतात. तेव्हा ही चिखलात उतरून तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावायची आणि लावता लावता पोरांकडून इंग्रजी आकडे म्हणून घ्यायची. मला कळू नये म्हणून सुमतीच्या विहिरीवर पाय धुऊन घरी यायची. लावणीवाल्यांना आरोग्य केंद्राच्या नर्सनं हा ताप येऊ नये म्हणून गोळ्या दिल्या होत्या. हिचं नाव यादीत कुठून असणार?

"आणि तू इतके दिवस गप्प?" मी विचारलं.

"तू इचारलंस खंय, काकी? तू सांगतंस आणि आमी आयकतंव."

मी तशीच उठले आणि डॉक्टरणीच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, मी खोटं सांगितलं, माहीत नसताना सांगितलं, ती शेतात होती. डॉक्टरीण म्हणाली, "पेशंटला विचारलेलं पेशंटलाच सांगू द्यायचं, आजी." त्याच तासाला सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. दुसऱ्या दिवशी रिपोर्टवर नाव आलं, ते मी सुरुवातीला लिहिलंच आहे.

डायलिसिस दोनदा करावं लागलं. म्हणजे मशीन रक्त बाहेर काढून गाळून परत अंगात सोडतं. पहिल्या वेळी मी दाराबाहेर बसले. दुसऱ्यानंतर लघवी वाढायला लागली. नर्सनं मोजायचा जग दाखवून सांगितलं, तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या लघवीचं कौतुक वाटलं.

मार्टा बसायला लागल्यावर मी विचारलं, का सांगितलं नाहीस?

"मुलं शाळेत नाहीत. मुलं शेतात. म्हणून मी शेतात," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "तुम्ही चिडणार."

"चिडले असते. माझ्या चिडण्यानं कुणाचं मूत्रपिंड बसत नाही."

तुमच्या घरात परकं माणूस राहत असेल तर त्याला काय होतंय ते त्यालाच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवा. लावणीच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरला शेताचं स्वतःहून सांगा. गोळ्या मिळतात त्या घ्या, डब्यात ठेवू नका.

घरी सोडलं त्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. मार्टानं तो माझ्या तोंडासमोर धरला. आई खूप वेळ बोलली. पोरीनं सांगितलं, आई तुमचे आभार मानते. मी म्हटलं, आभार नकोत, मी सांगते ते तिला नीट सांग. डॉक्टरणीनं विचारलं तेव्हा मी तुझ्या मुलीला बोलू दिलं नाही. दोन दिवस माझ्यामुळे फुकट गेले, मशीन माझ्यामुळे लागलं. माझ्या घरात तिला पाय चोरून धुवावे लागले.

हे सांगायला मला पुरी पाच मिनिटं लागली. मार्टानं ऐकून घेतलं आणि फोनमध्ये दोन शब्द बोलली. पलीकडे आई हसली.

पोलिश मला येत नाही, पण पाच मिनिटांचे दोन शब्द होत नाहीत एवढं कळतं. पोरीनं मला वाचवलं. ते तिनं तिकडे पोचवलं नाही, म्हणून मी इथं लिहिलं.