पानाच्या तबकातली गोळी

शिरगावच्या आमच्या घरी जेवणं झाली की पाहुण्यांपुढे पानाचं तबक येतं. पानं वाडीतल्या वेलांची, सुपारीही घरचीच. विकतचे फक्त कात आणि चुना. या तबकात मध्यंतरी आमच्या ह्यांनी आणखी एका जिनसाची भर घातली : रक्त पातळ करायची गोळी.

त्याला कारण माझे मोठे दीर. एका दुपारी जेवून, विडा खाऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. दिवसकार्याला आलेल्या कुणीतरी सांगितलं, रोज एक अ‍ॅस्पिरिन घेत असते तर वाचले असते. ह्यांना ना रक्तदाब, ना साखर, ना कधी छातीत कळ. सत्तरी उलटली तरी माडाच्या झावळ्या एकटे ओढून नेतात. तरी त्याच आठवड्यात पालघरहून गोळ्या आल्या. डॉक्टरला विचारा म्हटलं, तर म्हणाले, तारापूरला औषधांच्या कारखान्यात जन्म काढलाय, मला काय विचारायचं? काढला खरा, पण पंप दुरुस्त करण्यात. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस बायकोचं थोडाच ऐकतो.

दिरांनी शेवटचा विडा खाल्ला होता, म्हणून गोळीही विड्याबरोबरच घ्यायची असं ह्यांनी ठरवलं. मग आपण एकट्यानेच जगावं हे बरं दिसेना, म्हणून पाहुण्यांनाही आग्रह सुरू झाला. मासवणचे आमचे व्याही भिडस्त. त्यांनी गोळी विड्यात घालून चावली, तोंड वाकडं झालं ते रुमालाने झाकलं आणि सुपारी छान हाय म्हणाले. त्यानंतर ते आमच्याकडे जेवायला आले की पान सोडलंय म्हणून सांगत.

असं वर्षभर चाललं. मग ह्यांना शौचाला काळं होऊ लागलं. म्हणाले, जांभळं जास्त झाली. जांभळांचा हंगाम सरला, रंग काही सरेना. चेहरा पांढरा पडत चालला, वाडीत दोन पावलं टाकली की धाप लागे. एके दिवशी पानवेलीला पाणी सोडताना हे तिथेच मटकन बसले. तेव्हा मात्र मी ह्यांचं काही न ऐकता रिक्षा बोलावली.

पालघरला दवाखान्यात दुर्बीण घातली. पोटात जखम, आत रक्त झिरपत होतं. रक्त चढवावं लागलं. ही गोळी कुणी सुरू केली, असं डॉक्टरांनी विचारलं. हे छताकडे बघू लागले, म्हणून मीच सांगितलं. डॉक्टर तरुण होत्या, पण रागावल्या नाहीत. ज्यांना हृदयाचा झटका येऊन गेलाय त्यांना आम्हीच ही देतो, म्हणाल्या. पण धडधाकट माणसाने या वयात रोज घेतली म्हणून आयुष्य वाढत नाही, रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. तेव्हा बंद.

घरी आल्यावर ह्यांनी आठवडाभर तोंड पाडलं. एक दिवस दुपारी जेवण झालं, मी तबक पुढे ठेवलं. ह्यांनी कनवटीची गोळ्यांची पट्टी काढून तबकात ठेवली, पण हात काही तिच्यावरून निघेना. मला राग आला होता, आणि खरं सांगते, भीतीही वाटत होती.

"बंद केली नि मी भावासारखा झोपेत गेलो तर?" हे म्हणाले.

इतक्या वर्षांच्या संसारात आपल्याला भीती वाटते असं हे प्रथमच बोलले होते, तेही आडवळणाने.

"तसे गेलात तर मी देवाला जाब विचारीन," मी म्हटलं. "पण या गोळीने गेलात तर कोणाला विचारू? ती सुरू करणारे तुमीच, नि जाब द्यायला तुमीच नाय."

हे बराच वेळ पानाचे देठ खुडत राहिले. मग पट्टी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, चुना जरा कमी लाव. विडा खाऊन आडवे झाले आणि लगेच घोरू लागले. मी भांडी तशीच ठेवून शेजारी बसून राहिले, घोरणं ऐकत.