विहिरीवरचा लाल डबा

सुभानमामांनी होडी का सोडली म्हणून विचारता? बसा, च्या घ्या, सांगते. मी ताईबाई. घोड धरणाच्या फुगवट्यावर होड्या लागत्यात तिथंच माझी टपरी हाय, सगळं डोळ्यांदेखत झालंय.

रविवारी शिरूरची कारखान्यातली माणसं होडीत बसायला येत्यात. इथं पाण्याखाली एक जुनी विहीर हाय, दगडी कठड्याची. धरण भरलेलं असलं की होडी वरनं जाती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कठडा होडीच्या बुडाला लागतो, आन् वरनं जागा कळत न्हाई. म्हणून मामा तिथं दोरीला दगड बांधून लाल डबा सोडायचे. पांढरा डबा म्हंजी जाळं, लाल म्हंजी लांबनं जा. मामांच्या होडीत कुणाचा पाय भिजला न्हाई, न्हावऱ्यापर्यंत विचारा. त्या भरवशावरच त्यांचं घर चालायचं.

इथला दुसरा होडीवाला मल्हारी, त्याला होडी शिकवली ती मामांनीच, पोटच्या पोरासारखी माया केली. पाणी उतरलं की दोघं मिळून बांबूनं तळ चाचपायचे आन् डबे सोडायचे. औंदा मामा तापानं फणफणले. मल्हारी म्हणला, "मामा, तुम्ही पडून ऱ्हावा, मी सोडतो डबे." मामांनी डोळे झाकून इस्वास ठेवला.

बरे झाल्यावर पहिल्याच रविवारी मामा माणसं घेऊन निघाले. मल्हारी काय गोड वागला! एकेकाच्या तरंगायच्या जाकिटाचे पट्टे आवळले. मामा कधी जाकीट घालत न्हाईत, त्यांनाबी बळंच चढवलं. "मामा, आज घालाच." मला मेलीला कौतुक वाटलं.

मामा लाल डब्याला लांबनं वळसा घालून गेले आन् होडी धाडकन कठड्यावर बसली. बूड फाटलं, सगळी पाण्यात. माणसं वाचली, पण मामांकडं परत कुणी फिरकंना. सगळी मल्हारीच्या होडीत. "डबा वाऱ्यानं सरकला असंल," म्हणून तो हळहळला. मामांनी तेबी खरं मानलं.

काल मामा मागून आणलेल्या होडीनं डबा जागेवर आणायला गेले. ओढून ओढून दमले, दोरी हलंना, तवा बुडी मारून बघितलं. परत आले ते माझ्यापुढं येऊन बसले.

"ताईबाई, दोरी बुडालेल्या बाभळीच्या खोडाला बांधलीया. दुहेरी गाठ हाय. मीच शिकवल्याली."

माझं टाळकंच सरकलं. "कुठं हाय तो मुडदा?" म्हणत मी उठले. मामांनी हातानंच खाली बसवलं. डोळं भरलं हुतं त्यांचं.

"होडीचं जाऊ द्या," ते म्हणले. "त्यानं मला जाकीट का घातलं, ते आज कळलं."