रामलालनं सुपारी कोणासाठी फोडली

माझा भाऊ रामलाल रहांगडाले याच्याइतका चौकशीखोर माणूस दवनीवाड्यात दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. हे मी त्याची मोठी बहीण म्हणून सांगते, आणि उभा जन्म अंगणवाडीत पोरं सांभाळून पिकलेली बाई म्हणूनही सांगते. बैल घ्यायला गेला तर बैल पाहण्याआधी विकणाऱ्याच्या शेजाऱ्याशी बोलून येणार. माझं लग्न ठरत होतं तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. तरी एकटा माझ्या होणाऱ्या सासरी जाऊन विहिरीवरच्या बायकांना विचारून आला, की त्या घरची म्हातारी सुनांना जेवायला कधी वाढते. आमचे बाबा त्याच्यावर खेकसले. मला मात्र तेव्हाच समजलं की हा भाऊ कामाचा आहे.

त्याची एक रीत होती. पन्नास प्रश्न विचारायचे आणि शेवटी एकच खरा विचारायचा. स्थळाची माहिती काढायला गेला की शेवटी शेजाऱ्याला म्हणायचा, तुमची स्वतःची पोरगी असती तर या घरी दिली असती का. शेजारी गप्प बसला की रामलाल उठला.

त्याला एकच पोरगी, योगेश्वरी. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी ती दहावी पास झाली. शाळेतल्या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत तिला वरची श्रेणी होती आणि बारावीनंतर तिला नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. दुसरा बाप असता तर नाही म्हणून मोकळा झाला असता. रामलाल चौकशीला गेला. गोंदियाच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला भेटला, गणपतीच्या मूर्ती करणाऱ्याला भेटला, दोघांसोबत चहा पिऊन आला. धंदा कसा, हंगाम किती, सगळं विचारलं आणि शेवटचा प्रश्नही विचारला, की तुमचं लेकरू या धंद्यात घालाल का. पाटीवाला म्हणाला, “पेट भर जाता है भैया, लेकिन बच्चे को नहीं डालूँगा.” मूर्तिकारही तेच बोलला.

झालं. रामलाल घरी आला आणि बारावी झाली की लग्न, असं जाहीर करून टाकलं.

योगेश्वरी रडली नाही. रडणाऱ्यातली ती नव्हतीच, माझ्यावर गेली होती. तिनं भांडण धरलं. जेवताना भांडायची, धान उडवताना भांडायची, बाप धानाच्या बांधीवर निघाला की शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत मागे जाऊन भांडायची. माझी भावजय सुशिलाबाई वैतागून म्हणायची, की या घरात दोन माणसं बोलतात आणि तिसऱ्याचं डोकं दुखते.

दोन हजार एकची मंडई आली. मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. दुकानं लागतात, दंडार नाचते, नाटक होते, आणि त्या निमित्तानं सगळे सोयरेधायरे गावात गोळा होतात. आमच्या पोवारांची अर्धी लग्नं मंडईतच जुळतात. त्या दिवशी दारात आलेल्या माणसाला कोणी ‘काऊन आले’ म्हणून विचारत नाही. विचारणं म्हणजे त्याचा अपमान. आधी पाय धुवायला पाणी, मग बसायला खाट, मग आडनाव, आणि मग हळूहळू मुद्दा.

त्या मंडईला देवरीचे पटले योगेश्वरीला पाहायला येणार होते. सुशिलाबाईनं अनरसे आणि बडे तळून ठेवले होते. रामलालनं तबकात पान, अख्खी सुपारी आणि अडकित्ता काढून ठेवला होता. पसंती झाली तर सुपारी फोडून तिथंच गोष्ट पक्की करायची, असा त्याचा बेत. घर चुन्यानं पांढरंशुभ्र केलं होतं. आणि आमच्या योगेश्वरी बाईसाहेबांनी आदल्या दिवशी त्या कोऱ्या भिंतीवर सारसांची जोडी काढून ठेवली. धानाची बांधी, पाणी, आणि त्यात माणसाएवढे दोन सारस. गेरू, नीळ आणि काजळ, एवढ्यावर. रामलाल तापला. ती म्हणाली, पाहुण्यांना कळू तर द्या कोणती पोरगी घेऊन चालले ते.

दुपारी एक माणूस आमच्या दारासमोर येऊन थांबला. दाढी वाढलेली, जाडाभरडा कुर्ता, खांद्याला झोळी. भिंतीकडे पाहतच उभा राहिला. रामलाल लगबगीनं बाहेर गेला, हात जोडले, पाय धुवायला पाणी दिलं, पुढच्या छपरीतल्या खाटेवर बसवलं आणि आडनाव विचारलं. तो म्हणाला, पटले. उमेंद्र पटले, मूळचा वाराशिवनीकडचा.

मग काय विचारता. रामलालला वाटलं नवरदेव स्वतःच पुढे आला, मागची मंडळी येतच असतील. सुशिलाबाईनं दारातून दाढी पाहिली आणि तिचं तोंड उतरलं. योगेश्वरीनं फटीतून पाहिलं आणि माझं मनगट घट्ट धरलं.

“आत्या, थे पाहुणे नाईत,” ती कानात बोलली. “नाटकाचं नेपथ्य करतेत, रातच्या नाटकासाठी आले असतील. आमच्या चित्रकलेच्या सरांनं यांचा पेपरातला फोटो वर्गात लावला आहे. मुंबईपर्यंत नाव आहे यांचं.”

मी म्हटलं, मग जाऊन बापाला सांग.

“नोको सांगू. बाबाले पुसू दे.”

मी पोरीकडे पाहिलं. बापाची पोरगी शोभत होती. मी पदर खोचला आणि चूप बसले.

इकडे रामलालची चौकशी सुरू झाली होती. शेती किती? वडिलांची होती, भावाला दिली. नोकरी? होती, सोडली. काऊन सोडली? तर पाहुणा म्हणाला की एका जाहिरात कंपनीत साबणाच्या वेष्टनांची चित्रं काढत होतो, पगार चांगला होता, पण सकाळी उठून कामावर जावंसं वाटेना. रामलालनं विचारलं की आता तरी उठावंसं वाटते का. पाहुणा हसला आणि म्हणाला, आता नाटकांचे पडदे करतो, बायका-पोरांच्या आधी मी उठतो. ‘बायका-पोरांच्या’ हे रामलालनं बोलण्याची रीत म्हणून सोडून दिलं. माणूस आपल्या नादात असला की असं होतं.

त्या बिचाऱ्या पाहुण्याला तरी काय ठाऊक? त्याला वाटलं, खेड्यातली माणसं आपल्या कामाबद्दल किती जीव लावून विचारतात. नंतर तो मला म्हणाला की पेपरवाल्यांनी इतकी वर्षं मुलाखती घेतल्या, पण असं मुद्द्याचं कोणी विचारलं नव्हतं. पेपरवाले प्रेरणा विचारायचे. रामलालनं विचारलं की नाटकं दिवाळी ते होळी चालतात, मग पावसाळ्यात काय करता?

पुस्तकांची मुखपृष्ठं करतो, पाहुणा म्हणाला. दुकानांची आतली मांडणी करून देतो, मुलांसाठी खेळणी बनवतो.

“म्हंजे धान निघाल्यावर थ्याच बांधीत लाखोरी पेरतो तसं,” रामलाल म्हणाला. पाहुण्याला ते इतकं आवडलं की त्यानं मांडीवर थाप मारली.

मग विचारलं, कोणी कधी अपमान केला का? केला, एका नाटक कंपनीच्या मालकानं याचा पडदा सगळ्यांसमोर फाडून टाकला होता, हिरव्या जंगलात निळं झाड कायले म्हणून. मग? मग त्यानं दुसरा पडदा रंगवला आणि त्यातही निळं झाड ठेवलं. मालकानं पुढच्या वर्षी त्यालाच बोलावलं. हे ऐकून रामलाल पहिल्यांदा खाटेवर सरसावून बसला. हात थरथरायला लागतील तेव्हा काय कराल, असं विचारलं, तर पाहुणा म्हणाला की हात आताही दुसऱ्यांचेच असतात, मी डोक्यानं काम करतो आणि पोरांना शिकवतो. तोवर छपरीत गावातली अर्धी मंडळी येऊन बसली होती. दंडार सोडून माणसं इथं काय ऐकतात म्हणून आणखी माणसं आली.

शेवटी योगेश्वरी डोक्यावर पदर घेऊन चहा घेऊन गेली. पाहुण्यानं विचारलं, भिंत तुम्ही रंगवली का. हो म्हणाली. पाणी फार निळं झालं आहे, तो म्हणाला. ती म्हणाली, घरात नीळच होती. मग त्यानं विचारलं, की पाहिजे ते रंग असते तर काय केलं असतं, आणि पोरगी सुटली. बांधीतलं पाणी सकाळी कोणत्या रंगाचं असते, दुपारी कोणत्या, धान पिवळं पडलं की त्यात काय उतरते. पाहायला आलेल्या माणसासमोर इतकं बोलणारी पोरगी गावानं पहिल्यांदाच पाहिली. सुशिलाबाईनं कपाळाला हात लावला.

रामलाल मात्र खूश होता. दाढी सोडली तर माणूस खरा वाटत होता. तो म्हणाला, “आमच्याकडून पसंत आहे. तुमच्या घरच्यायले कधी आणता?”

“घरच्यांना?” पाहुणा म्हणाला. “बायकोला आणतो की संध्याकाळीच. तिला मंडई पाहायचीच आहे.”

आत सुशिलाबाईच्या हातातला झारा कढईत पडला. मग कोपऱ्यातून कोणीतरी खुसखुसलं आणि पाहुण्याच्या ध्यानात आलं की आपण इतका वेळ कशाला उत्तरं देत होतो. तो उठून उभा राहिला, कानापर्यंत लाल झाला, माफी मागायला लागला. मी फक्त भिंत कोणी रंगवली ते विचारायला आलो होतो, असं सांगत होता.

रामलालनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. पोरीकडे पाहिलं. “तुले माईत होतं?”

“हो.”

“बाई, तुले?”

“हो,” मी म्हटलं. “तू चांगलं पुसून राहिला होता. मी कायले मधात पडू?”

खोटं कशाला सांगू, मी घाबरले होते. गावासमोर त्याचं हसं झालं होतं. पोरीचं नागपूर आता कायमचं बुडालं असंच मला वाटलं. पण रामलाल उठला नाही. त्यानं पाहुण्याला हात धरून परत खाटेवर बसवलं.

“चौकशी वाया नाई जाऊ देत मी,” तो म्हणाला. “पोरीसाठीच पुसून राहिलो होतो, पोरीसाठीच पुसतो. तुमची स्वतःची पोरगी असती तर या कामात घातली असती का? खरं सांगा.”

पाटीवाला नाही म्हणाला होता. मूर्तिकार नाही म्हणाला होता. पाहुण्याला खरंच पोरगी होती, शाळेत जाणारी. तो तिचा विचार करत असावा.

“रडून मागितलं तर नाही घालणार,” तो म्हणाला. “या कामात नाही म्हणणारे फार भेटतात. रडणारं माणूस घरी परत येतं. भांडून मागितलं तर घालीन.”

रामलाल हसायला लागला, पोट धरून. “भांडून?” तो म्हणाला. “दोन साल झाले, या घरच्या छपराचे कवेलू हलवून राहिली थे.” आणि तबक पुढे ओढून त्यानं अडकित्त्यात सुपारी धरली आणि फोडली. अर्धी पाहुण्याच्या हातावर ठेवली. अर्धी पोरीच्या.

देवरीचे पटले त्यानंतर आले. त्यांची बस रस्त्यात बंद पडली होती. रामलालनं त्यांचे पाय धुतले, मानानं बसवलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याची नजर तबकातल्या चुऱ्यावर गेली.

“सुपारी फुटली वाटते,” तो म्हणाला. “कोणासंग ठरलं?”

“नागपूरच्या कालेजासंग,” रामलाल म्हणाला.

ती मंडळी जेवून गेली. जरा फुगून गेली, पण अनरसे दुसऱ्यांदा मागून घेतले. पोराचं पुढे दुसऱ्या गावी छान जमलं.

तेव्हापासून आमच्या मंडईत एक नवीन रीत पडली. नाटकाचा मंच दुपारी रिकामा असतो. दरवर्षी उमेंद्र पटले कोणा ना कोणा नावाजलेल्या कलावंताला घेऊन यायचे आणि रामलाल खाटेवर बसून गावासमोर त्याची चौकशी करायचा. कापडावर नक्षी काढणारी बाई आली, मोठमोठ्या इमारतींसाठी पुतळे करणारा आला, सिनेमाची घरं उभी करणारा आला. सगळ्यांना तोच पहिला प्रश्न, शेती किती? आणि तोच शेवटचा. काही हो म्हणायचे, काही नाही. एक नामांकित माणूस तर उत्तर न देता उठून गेला. आसपासच्या गावचे मायबाप पोरांना घेऊन ऐकायला यायचे. जेवढी पोरं त्या खाटेसमोरून नागपूरला गेली तेवढीच घरी परतून धानात उतरली, आणि रामलाल म्हणायचा, दोन्ही बरोबर. विचारून तर केलं.

दोन हजार बाराच्या मंडईला कलावंत म्हणून आली योगेश्वरी. मुलांच्या पुस्तकांची चित्रं करते आता, परदेशातही गेली आहेत तिची पुस्तकं. मंचावर खाटेच्या एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला लेक. मी सगळ्यांत पुढे, माझी जागा कोण घेणार.

शेती किती, रामलालनं विचारलं. ती म्हणाली, तुमची आहे तेवढी. लोक हसले. त्यानं काही सोडलं नाही. पावसाळ्यात काय करता, अपमान कोणी केला, हात थकले तर काय. तिनं एकेकाचं नीट उत्तर दिलं. एका मोठ्या प्रकाशकानं तिचे सारस काढून तिथं मोर टाकायला सांगितलं होतं, तर पुस्तकच परत घेऊन आली, तेही सांगितलं. मग तो शेवटच्या प्रश्नाला आला.

“तुमची पोरगी असती तर या कामात घातली असती का?”

“माले पोरगी नाई अजून,” योगेश्वरी म्हणाली. “पण एका माणसाले होती. थ्यानं घातली. थ्यालेच पुसा. परत घालन का?”

इतकी वर्षं सगळ्यांना विचारणाऱ्याला पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं. माझा भाऊ तिच्याकडे पाहत राहिला, आणि मी त्याच्याकडे.

“पुसतं काय?” रामलाल म्हणाला. “सुपारी काय दोनदा फोडतेत?”